खाऱ्या टाकीला गोडं पाणी

आजची गोष्ट माशाची आहे, पण ती सुरू होते रेल्वे स्टेशनवर.

१२ एप्रिल २०१६. पहाटे मिरजेहून पाण्याची गाडी लातूरला आली. दहा वाघिणी, एकेकीत साधारण ५० हजार लिटर, म्हणजे पाच लाख लिटर पाणी. मांजरा धरण आटलेलं. पाण्याच्या टाक्यांपाशी तंटे होऊ नयेत म्हणून मार्चपासूनच जमावबंदी लावलेली. मी तेव्हा नववीत होतो. घागरी, कॅन आणि रांग, यातच आमचा उन्हाळा गेला.

त्याच वर्षी जूनमध्ये ‘फाइंडिंग डोरी’ पडद्यावर आला. ती निळी डोरी म्हणजे सर्जनफिश, दुकानातला ब्लू टँग. शेपटीच्या बुडाशी दोन्ही बाजूंना सर्जनच्या चाकूसारखा धारदार काटा असतो, म्हणून हे नाव. जगभरच्या पोरांसारखा मलाही तो हवाच होता. पण लातुरात समुद्र आणायचा कुठून?

हा प्रश्न १७० वर्षं जुना आहे बरं का. १८५३ साली लंडनच्या प्राणिसंग्रहालयात लोकांसाठी पहिलं मत्स्यालय उघडलं. काचेतला समुद्र बघून लोकांना घरीही तसाच हवा झाला. पण समुद्राचं पाणी घरापर्यंत नेणं खर्चाचं काम. मग फिलिप हेन्री गॉस या निसर्ग-अभ्यासकानं १८५४ साली एक कृती छापली: साधं मीठ, मॅग्नेशियमचे क्षार, थोडं पोटॅशियम, आणि हे सगळं गोड्या पाण्यात. आज पाकिटात मिळणारं ‘सी सॉल्ट’ म्हणजे त्याच कल्पनेचं सुधारलेलं रूप.

आपल्याकडे १९५१ साली मुंबईत तारापोरवाला मत्स्यालय सुरू झालं, पण त्याच्या समोरच अरबी समुद्र. नांदेडहून कुठलाही समुद्र चारशे किलोमीटरच्या पुढंच. तेव्हा आपल्यासाठी गॉसचाच रस्ता.

पुढं मला नांदेडला नोकरी लागली आणि मी चार फुटी टाकी घेतली, २४० लिटरची. लिटरला ३५ ग्रॅम, म्हणजे आठ किलोच्या वर मीठ. बोअरचं जड पाणी चालत नाही, म्हणून आरओ. आता हिशोब बघा: एक लिटर शुद्ध पाण्यामागं साधारण तीन लिटर बाहेर जातं. म्हणजे टाकी एकदा भरायला हजारेक लिटर लागले. मग बोटभर ब्लू टँग आला. मोठा झाला की तो फूटभर होतो आणि त्याला सहा फुटी टाकी लागते, हे ‘पुढचं पुढं बघू’ म्हणून मी सोडून दिलं.

मे महिना लागला. रोज तीन-चार लिटर पाणी उडायचं. समुद्राची टाकी आहे, म्हणून मी रोज खारं पाणीच ओतत राहिलो. वीस दिवसांत पाण्याची घनता १.०२५ वरून १.०३५ वर गेली. मासा फिकट पडला, शेवाळ टोचायचा थांबला, कोपऱ्यात धापा टाकायला लागला. आणि एका सकाळी गेला.

लातूरला गेल्यावर आईला सांगितलं. ती म्हणाली, “अरे, हंड्याला आतून पांढरा थर का चढतो? पाणी उडून जातं, खार खालीच राहतो. एवढं घरात बघितलंस की!”

एवढंच होतं ते. उडतं ते गोडं पाणी, तेव्हा भरायचंही गोडंच.

नंतर कळलं त्यानं जास्त लागलं. ब्लू टँगची पिल्लं बंदिस्त पाण्यात वाढवण्यात फ्लोरिडा विद्यापीठाच्या संशोधकांना पहिल्यांदा यश आलं ते २०१६ च्या जुलैत, म्हणजे डोरीनंतर महिन्याभरात. तोवर दुकानातला ब्लू टँग समुद्रातल्या प्रवाळातून पकडलेलाच असायचा. माझ्या चुकीची किंमत एका खऱ्या समुद्रानं भरली होती.

आता माझ्या टाकीत क्लाउनफिशची जोडी आहे. सहा फुटी टाकीची ऐपत आणि जागा होईल तेव्हा टँग. तुम्ही घेणार असाल तर तीन गोष्टी विसरू नका. पोहायला लांबी द्या. रोज नोरी, म्हणजे वाळवलेलं समुद्री शेवाळ, क्लिपला लावा. हा मासा दिवसभर चरतो, आणि त्याचा रंग टिकतो तो अशा खाण्यावर आणि स्थिर पाण्यावर. आणि नवा मासा आधी वेगळ्या टाकीत चार आठवडे ठेवा. पांढऱ्या ठिपक्यांचा रोग टँगला लवकर धरतो.

आणि हो, आरओचं बाहेर जाणारं पाणी मी बादलीत धरतो. कपडे, फरशी, सगळं त्यात होतं. आईनं रांगेत उभं राहून भरलेली घागर मी पाहिली आहे. लातूरच्या माणसानं समुद्र जरूर पाळावा, पण हिशोब गोड्या पाण्याचा ठेवावा.

भेटू पुढच्या भागात!