पांढऱ्यावर काळे : छापील चित्रांतील विरोध आणि संवाद

'पांढऱ्यावर काळे करणे' हा आपल्या भाषेतील एक जुना वाक्प्रचार आहे. लेखनविद्येचे याहून थोडक्यात वर्णन करता येणार नाही. त्याच भाषेत 'काळ्या दगडावरची रेघ' असाही एक वाक्प्रचार आहे. पहिल्यात पांढरे हे आधार असून काळे हे चिन्ह आहे. दुसऱ्यात काळे हे आधार असून पांढरे हे चिन्ह आहे. पहिला लिहिण्याविषयी बोलतो, दुसरा न पुसण्याविषयी. आपल्या पूर्वजांनी या दोन्ही रंगांना आळीपाळीने आधाराचे आणि चिन्हाचे काम दिले, ही गोष्ट चिंतनीय आहे. ग्रंथालय म्हणजे अखेर पांढऱ्यावर केलेल्या काळ्याचाच संचय. म्हणून शताब्दीच्या निमित्ताने या दोन रंगांच्या परस्परसंबंधाचा, विशेषतः छापील चित्रांच्या इतिहासातील त्यांच्या संबंधाचा, विचार करणे अप्रस्तुत होणार नाही.

काळे आणि पांढरे यांना आपण सहसा शत्रू मानतो. पाप-पुण्य, अज्ञान-ज्ञान, रात्र-दिवस अशा जोड्या आपण त्यांच्यावर लादतो. चित्रकाराचा अनुभव मात्र वेगळा आहे. त्याच्या दृष्टीने ही दोन स्वतंत्र द्रव्ये नसून एकाच कृतीच्या दोन बाजू आहेत. चिनी विचारातील 'यिन' आणि 'यांग' या सुप्रसिद्ध जोडीचा मूळ अर्थ डोंगराची सावलीतील बाजू आणि उन्हातील बाजू असा आहे. डोंगर एकच, ऊन सरकले की बाजू बदलतात. छापील चित्रकलेचा इतिहास पाहिला म्हणजे या कल्पनेतील सत्य केवळ तत्त्वज्ञानाच्या पातळीवर न राहता हत्यार, लाकूड आणि शाई यांच्या पातळीवर उतरलेले दिसते.

ज्याच्यावर छपाईची निश्चित तिथी आहे, असा आज उपलब्ध असलेला जगातील सर्वांत जुना छापील ग्रंथ चीनमधील आहे, आणि तो मूळ संस्कृत 'वज्रच्छेदिका प्रज्ञापारमिता' या बौद्ध सूत्राचे चिनी भाषांतर आहे, ही आपल्या दृष्टीने अभिमानाची गोष्ट होय. इ. स. ८६८ च्या मे महिन्यात वांग जिए नावाच्या गृहस्थाने आपल्या आईवडिलांच्या पुण्यार्थ, लोकांना विनामूल्य वाटण्यासाठी तो छापविला. डुनह्वांग येथील गुहेत जपलेली ही गुंडाळी ऑरेल स्टाइन यांनी १९०७ मध्ये मिळविली व आज ती लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहे. तिच्या आरंभी भगवान बुद्ध सुभूतीला उपदेश करीत असल्याचे चित्र आहे. ते पाहताना हे काम कोणा नवशिक्याचे नव्हे, त्यामागे कारागिरांच्या अनेक पिढ्यांचा हात आहे, हे सहज ध्यानात येते.

लाकडी ठशाची रीत अशी : फळीवर चित्र उलटे रेखाटावयाचे आणि रेषा तेवढी ठेवून तिच्या दोन्ही अंगांचे लाकूड कोरून काढावयाचे. उरलेल्या उंचवट्याला शाई लागते आणि कागदावर काळी रेषा उमटते. म्हणजे कारागिराचे हत्यार काळ्याला स्पर्शही करीत नाही. तो दिवसभर खपतो ते पांढरे निर्माण करण्यासाठी. काळे हे त्याने सोडून दिलेले असते. प्रेक्षक रेषेचे कौतुक करतो, परंतु श्रम सारे रिकाम्या जागेत गेलेले असतात.

ही रीत युरोपात रुजल्यानंतर तिला सर्वोच्च प्रतिष्ठा मिळवून दिली ती न्यूरेंबर्गच्या आल्ब्रेख्ट ड्यूरर याने. १४९८ साली त्याने बायबलातील 'प्रकटीकरण' या प्रकरणावर पंधरा मोठ्या काष्ठचित्रांचा ग्रंथ स्वतःच प्रकाशित केला. त्यातील दौडत येणारे चार घोडेस्वार पाहताना रंगाची उणीव कोणालाही जाणवत नाही. ड्यूरर ज्या वर्षी वारला त्याच वर्षी, म्हणजे १५२८ साली, प्रसिद्ध विद्वान इरास्मस याने त्याचा गौरव केला. प्राचीन ग्रीक चित्रकार अपेलीस याला रंगांचे साहाय्य होते. ड्यूररने मात्र अग्नी, किरण, मेघगर्जना यांसारख्या, चित्रात न मावणाऱ्या गोष्टी केवळ काळ्या रेषांनी दाखविल्या, आणि त्यांवर कोणी रंग चढविला तर चित्राची हानीच होईल, असा त्याच्या म्हणण्याचा आशय होता. रंगाचा अभाव हे दारिद्र्य नसून ती एक स्वतंत्र भाषा आहे, ही जाणीव युरोपात इतक्या स्पष्टपणे बोलली गेल्याचे हे एक आरंभीचे उदाहरण होय.

ताम्रपटावरील चित्राचा न्याय नेमका उलटा आहे. तेथे कोरलेल्या खाचेत शाई भरतात, पृष्ठभाग पुसून काढतात आणि दाबाखाली खाचेतील शाई ओलसर कागदावर उचलली जाते. लाकडात जे कोरले ते पांढरे, तांब्यात जे कोरले ते काळे! हॉलंडमधील रेम्ब्रां याने या माध्यमाचा जो कस लावला त्याला तोड नाही. १६५३ मधील 'तीन क्रूस' हे त्याचे चित्र या दृष्टीने अभ्यासण्यासारखे आहे. पहिल्या अवस्थांतील प्रतींत आकाशातून उतरणारा प्रकाशाचा झोत आणि त्याखालची माणसांची गर्दी स्पष्ट दिसते. पुढे त्याने त्याच पत्र्यावर पुन्हा हत्यार चालविले, कित्येक आकृती खरवडून काढल्या आणि दोन्ही बाजूंनी अंधाराचे पडदे ओढले. अंधार वाढला, पण प्रकाश कमी झाला नाही. उलट उरलेला पांढरा कागद अधिकच तीव्र वाटू लागला. पांढऱ्याला पांढरेपण देणारे काळेच असते, याचा याहून मोठा पुरावा कोणता?

अठराव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडमध्ये टॉमस ब्यूइक याने लाकडाचाच न्याय फिरवून दाखविला. त्याने फळीऐवजी बॉक्सवुड नावाच्या कठीण लाकडाचा आडवा छेद घेतला आणि त्यावर ताम्रपटाचे टोकदार हत्यार चालविले. आता हत्याराचा प्रत्येक फटकारा ही एक पांढरी रेषा झाली. चित्रकार जणू अंधारापासून सुरुवात करून त्यात प्रकाश कोरू लागला. १७९० मधील त्याचा चतुष्पाद प्राण्यांवरील ग्रंथ आणि १७९७ व १८०४ मध्ये दोन भागांत निघालेला पक्ष्यांवरील ग्रंथ यांनी पुस्तकातील चित्राचे भवितव्य बदलले. हे ठसे खिळ्यांच्या उंचीचे असल्यामुळे अक्षरांबरोबर एकाच चौकटीत बसत आणि एकाच दाबात छापले जात. एकोणिसाव्या शतकातील सचित्र पुस्तके व मासिके जगभर स्वस्त झाली, त्यामागे हे तंत्र होते.

आपल्याकडे या इतिहासाचे धागे थोडे निराळे आहेत. मुद्रणापूर्वी काजळाची शाई, बोरू आणि जुन्नरी किंवा दौलताबादी कागद हे आपल्या पोथ्यांचे साहित्य होते. लिहिताना चूक झाली तर त्यावर पिवळी हरताळ फासीत. आज आपण एखाद्या कार्यावर 'हरताळ फासणे' असे म्हणतो ते त्यावरूनच. हिंदुस्थानातील पहिला छापखाना १५५६ साली गोव्यात आला, तथापि मराठी अक्षर नागरी वळणात छापले जाण्यास पुढे अडीचशे वर्षे लागली. १८०५ साली श्रीरामपूर येथे विल्यम केरी यांचे मराठी व्याकरण छापले गेले. त्याच वर्षी मिरजेस, पटवर्धनांच्या आश्रयाने, तांब्याच्या पत्र्यांवर अक्षरे कोरून भगवद्गीता छापण्यात आली. नाना फडणविसांच्या काळात पुण्यात सुरू झालेल्या प्रयत्नाचे ते फळ होते. ही हकीकत प्रकाशात आणण्याचे बरेचसे श्रेय गोमंतकाचे सुपुत्र व थोर संशोधक अ. का. प्रियोळकर यांना आहे. मोत्यासारखे अक्षर ज्या समाजात प्रतिष्ठेचे होते, तेथील तांबटाने तेच अक्षर उलटे कोरावयास शिकावे, ही सामान्य घटना नव्हे.

पुढे आले शिळाछापाचे युग. बव्हेरियातील आलोइस झेनेफेल्डर याने अठराव्या शतकाच्या अखेरीस शोधलेले हे तंत्र तर विरोधाच्याच पायावर उभे आहे. सपाट चुनखडीच्या दगडावर स्निग्ध शाईने लिहावयाचे, दगड ओला करावयाचा आणि शाईचा रूळ फिरवावयाचा. ओल्या जागी शाई धरत नाही आणि स्निग्ध जागी पाणी ठरत नाही. तेल व पाणी एकमेकांस स्वीकारत नाहीत, म्हणूनच कागदावर काळे व पांढरे शेजारी शेजारी नांदू शकतात. येथे काही कोरावे लागत नाही. हाताच्या अक्षराचे वळण जसेच्या तसे उतरते. मुंबईत गणपत कृष्णाजी यांनी स्वतःच्या उद्योगाने असा छापखाना उभारून १८३१ मध्ये मराठी पंचांग छापले. शाईत चरबी असते या समजुतीने त्या काळी कित्येक लोक छापील कागदास शिवण्यास कचरत असत. काळ्या अक्षराला सोवळ्या घरात प्रवेश मिळण्यासाठीही एक लढा द्यावा लागला, हे आज ग्रंथालयाच्या कपाटांसमोर उभे राहून आपण विसरतो.

विसाव्या शतकात रंगीत छपाई सुलभ झाली. तेव्हा काळ्या-पांढऱ्या चित्राचे दिवस संपले असे कोणासही वाटले असते. घडले ते उलट. शतकाच्या थोर दुःखांना याच कलेने वाचा दिली. जर्मन चित्रकर्ती केटे कोल्विट्स यांचा धाकटा मुलगा पेटर ऑक्टोबर १९१४ मध्ये, महायुद्धाच्या आरंभीच, रणांगणावर पडला. त्या शोकाला रूप देण्यासाठी त्या वर्षानुवर्षे धडपडत होत्या. १९२० साली एर्न्स्ट बारलाख यांची काष्ठचित्रे पाहून त्या लाकडाकडे वळल्या आणि १९२१-२२ मध्ये 'युद्ध' ही सात चित्रांची मालिका सिद्ध झाली. त्यांत ना सैन्य आहे, ना शत्रू. एकमेकांस बिलगून काळ्या ढिगाऱ्यासारखे झालेले आईबाप आहेत, मुलांना कवेत घेऊन तटबंदीसारख्या उभ्या राहिलेल्या माता आहेत. शोकाचा काळा गोळा आणि त्यातून कोरून काढलेले पांढरे हात व चेहरे, एवढीच सामग्री आहे.

हीच चित्रे चिनी साहित्यिक लू शुन यांनी आपल्या देशबांधवांस दाखविली आणि १९३१ मध्ये शांघायला तरुणांसाठी काष्ठचित्रणाचा वर्ग भरविला. ज्या भूमीत हजार वर्षांपूर्वी लाकडी ठशाने धर्मग्रंथ छापला गेला, तेथेच ती कला युरोपची प्रदक्षिणा करून नव्या आशयासह परतली. कारण व्यावहारिकही होते : एक फळी, एक चाकू, थोडी शाई एवढ्या भांडवलावर शेकडो प्रती निघत. गरिबांविषयीची कला गरिबांच्या साधनांनी घडू लागली.

आपल्या देशात १९३० साली नंदलाल बसू यांनी दांडीयात्रेच्या संदर्भात 'बापूजी' हे लिनोकट केले. काळ्या पार्श्वभूमीवर थोड्याशा पांढऱ्या रेषांनी उभी राहिलेली, काठी टेकीत निघालेली ती मूर्ती देशभर ओळखीची झाली. हेच नंदलाल पुढे बडोद्याच्या कीर्तिमंदिरात भित्तिचित्रे रंगविताना दिसतात. रंगावर त्यांचे प्रभुत्व होते, तरीही त्या प्रसंगी त्यांनी दोनच रंग पुरेसे मानले. १९४३ च्या बंगालच्या दुष्काळात, ज्यात वीस ते तीस लाख माणसे दगावली असे मानले जाते, चित्तप्रसाद भट्टाचार्य मेदिनीपूर जिल्ह्यात पायी फिरले आणि शाईने उपाशी माणसांची चित्रे काढीत गेले. 'हंग्री बेंगॉल' या नावाने निघालेल्या त्यांच्या पुस्तिकेच्या प्रती ब्रिटिश सरकारने जप्त करून जाळल्या. कुटुंबीयांकडे एक प्रत वाचली होती. तिच्यावरून २०११ मध्ये पुस्तिका पुन्हा छापली गेली. चित्तप्रसाद १९४६ पासून मुंबईत राहिले आणि अंधेरीच्या लहानशा खोलीत त्यांनी लिनोकट कोरण्याचे व्रत चालू ठेवले. सरकारला काळ्या शाईच्या काही रेषांची भीती वाटावी आणि एका घरातील एका प्रतीने ती साक्ष अडुसष्ट वर्षे सांभाळावी, यात ग्रंथ जपणाऱ्या प्रत्येकासाठी बोध आहे.

हा बोध आपल्या कपाटांना लावून पाहिला पाहिजे. काजळाची शाई फिकी पडत नाही. शेकडो वर्षांच्या पोथ्या याची साक्ष देतात. धोका आहे तो पांढऱ्याला. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून लाकडाच्या लगद्याचा स्वस्त कागद सर्वत्र आला. त्यातील लिग्निन हे द्रव्य हवा आणि उजेड यांनी पिवळे, मग तपकिरी होते. कागदातील आम्ल त्याला ठिसूळ करते. परिणामी, शंभरी गाठलेल्या कोणत्याही ग्रंथालयात हाताच्या कागदावरील दोनशे वर्षांची पोथी धडधाकट असते आणि ऐंशी वर्षांच्या मासिकाचे पान बोट लावताच मोडते. काळे शाबूत असते, पण ज्याच्या आधाराने ते वाचावयाचे ते पांढरेच निघून गेलेले असते. चित्राच्या बाबतीत ही हानी दुप्पट आहे, कारण चित्रातील पांढरे हे कोरे नसून चित्रकाराने घडविलेले असते. संगणकीय प्रती करतानाही केवळ निव्वळ काळे व निव्वळ पांढरे टिपणारी घाईची पद्धत वापरली, तर अक्षर वाचते, पण ठशातील बारीक रेषा व मधल्या छटा गळून पडतात.

म्हणून जुन्या सचित्र ग्रंथांना उन्हापासून व दमटपणापासून दूर ठेवणे, आम्लरहित कागदाचे वेष्टन देणे, आणि प्रती करताना छटांसह त्यांची नोंद घेणे ही कामे शताब्दीनंतरच्या वाटचालीत अग्रक्रमाने व्हावयास हवीत. सभासद आणि आश्रयदाते यांच्या औदार्याला यापेक्षा योग्य पात्र क्वचितच मिळेल. मागील पिढ्यांनी आपल्यासाठी पांढऱ्यावर काळे करून ठेवले. ते काळे आपोआप टिकेल. पांढरे मात्र आपल्यालाच टिकवावे लागेल.