पायलट कुठे घ्यायचा? इंदापूरला विचारा

आज थोडी कबुली आणि थोडा इतिहास.

मी नाशिकमधल्या एका पतसंस्थेत हिशेब बघतो. नवं सॉफ्टवेअर आलं तेव्हा 'पायलट' माझ्याकडे होता. मी तो मुख्य शाखेत घेतला. तिथे चांगलं नेट, तरुण पोरं, शेजारी कंपनीचा माणूस. महिनाभर सगळं झकास चाललं. अहवालात 'यशस्वी' लिहून मी मोकळा झालो.

मग तेच सॉफ्टवेअर सुरगाण्याकडच्या शाखेत गेलं. बाजाराचा दिवस होता, नेट गेलं, रांग दाराबाहेर. एका आजींची ठेव पावती सापडेना, कारण जुन्या वहीत नाव एक आणि आधारवर वेगळं. आजी म्हणाल्या, "माझे पैसे मशिनने खाल्ले का रे?" आणि रिकाम्या हाताने परत गेल्या. चूक सॉफ्टवेअरची कमी, माझी जास्त. मी सोपी जागा निवडली होती.

हीच गोष्ट आपल्याकडे दोनशे वर्षांपूर्वी घडून गेली आहे.

पेशवाई गेल्यावर इंग्रजांना शेतसारा नव्याने ठरवायचा होता. १८२०च्या दशकाच्या शेवटी पुणे जिल्ह्याचं काम रॉबर्ट कीथ प्रिंगल या अधिकाऱ्याकडे आलं. माणूस हुशार, विलायतेतलं अर्थशास्त्र शिकून आलेला. उत्पन्नातून लागवडीचा खर्च वजा करायचा आणि उरलेल्या निव्वळ उत्पन्नाच्या ५५ टक्के सारा घ्यायचा, असं त्याचं गणित. कागदावर एकदम पक्कं. पण प्रत्यक्षात लावल्यावर ते बिघडलं. हाताखालच्या लोकांनी प्रतवारीत गोंधळ घातला, लाचलुचपत झाली, वसुलीसाठी छळ झाला. सारा झेपेना म्हणून शेतकरी जमिनी टाकून निघून गेले.

१८३५ मध्ये गोल्डस्मिड आणि लेफ्टनंट विंगेट हे दोघे इंदापूर तालुक्यात आले. बघा, जागा कुठली? सोपी सुपीक नव्हे, तर पाऊस बेभरवशाचा आणि जमीन ओस पडलेली, अशी. त्यांनी निव्वळ उत्पन्नाचा सिद्धान्त बाजूला ठेवला. मातीची खोली आणि पोत बघितला, मागे खरोखर किती वसूल झालं ते बघितलं, आणि दर उतरवून ३० वर्षांसाठी कायम केले. पडीक जमीन परत नांगराखाली आली. मग ही पद्धत एकेक तालुका करत पुढे सरकली, आपल्या नाशिककडेही आली. (तेव्हा आपण अहमदनगरमध्ये होतो, नाशिक जिल्हा १८६९ चा.) आणि 'जॉइंट रिपोर्ट' ही पक्की नियमावली झाली ती १८४७ मध्ये. म्हणजे आधी शेत, मग पुस्तक.

इंग्रज काही धर्मादाय करायला आले नव्हते, सारा त्यांना हवाच होता. पण कामाची रीत शिकण्यासारखी आहे.

पुढचा टप्पा संगणकाचा. १९८८-८९ मध्ये जमिनीच्या नोंदी संगणकावर आणायचा पायलट देशातल्या ८ जिल्ह्यांत सुरू झाला, त्यात महाराष्ट्रातून वर्धा होता. आणि २०१७ मध्ये, संगणकातला सातबारा हस्तलिखिताशी जुळतो का हे तपासायला गावोगावी चावडीवाचन झालं. ज्याची जमीन, त्याने ऐकायचं आणि चूक असेल तर तिथेच सांगायचं. माझ्या मते यापेक्षा चांगली टेस्टिंग नाही. सॉफ्टवेअर बरोबर आहे की नाही हे शेवटी ज्याचं नाव त्यात आहे तोच सांगणार.

आम्ही पायलट परत घेतला. या वेळी त्याच शाखेत, बाजाराच्याच दिवशी. जुनी रोजकीर्द बंद केली नाही, संध्याकाळी दोन्ही हिशेब रुपया-रुपया जुळवले. आणि 'थांबवा' म्हणायचा अधिकार साहेबांना नाही, काउंटरवरच्या मुलीला दिला. तिने दोनदा वापरला. प्रत्येक खातेदाराला त्याची नोंद वाचून दाखवली. आजींची ठेव सापडली, नाव दुरुस्त झालं.

सोप्या जागेवरचा पायलट म्हणजे नुसता उद्घाटन समारंभ. जिथे बिघडेल अशी भीती वाटते तिथेच तो घ्यायचा.

तुमच्या ऑफिसात किंवा गावात नवं ॲप आलं तेव्हा पायलट कुठे झाला होता? आणि तुम्हाला कोणी विचारलं होतं का? कॉमेंटमध्ये नक्की लिहा.