बालपणींचे घाव : मुलाचे आणि मुलीचे

लहानपणीं मारहाण किंवा लैंगिक अत्याचार सोसलेलें मूल वयांत येतें, तेव्हां त्या दुःखाची खूण त्याच्या वागण्यांत उमटते. परंतु त्या खुणेला कोणतें नांव द्यावयाचें, हें पुष्कळ काळ तें मूल मुलगा आहे कीं मुलगी यावरून ठरत असे. मुलगी मूर्च्छा येऊन पडूं लागली, अबोल झाली, तर ती रोगी. मुलगा चोरी करूं लागला, घर सोडून पळाला, तर तो गुन्हेगार. एकीची रवानगी वैद्याकडे, दुसऱ्याची मॅजिस्ट्रेटकडे. काय सोसलें, हें दोघांनाहि कोणी विचारीत नसे.

पॅरिसचे न्यायवैद्यकाचे पंडित तार्दिय यांनीं १८५७ व १८६० सालीं बालकांवरील अत्याचारांचीं प्रकरणें प्रसिद्ध केलीं. पण त्यांचा भर शरीरावरील खुणांवर होता. मनाच्या घावाविषयीं ठामपणें बोलले ते सिग्मंड फ्रॉइड. ता. २१ एप्रिल १८९६ रोजीं व्हिएन्ना येथें त्यांनीं हिस्टेरियाचे १८ रोगी पुढें ठेवले आणि या रोगाच्या मुळाशीं बालपणींचा लैंगिक अत्याचार असतो, असें प्रतिपादिलें. हिस्टेरिया हा शब्द गर्भाशयाच्या ग्रीक नांवावरून आलेला. तरी या अठरांत १२ स्त्रिया, तसे ६ पुरुषहि होते. विद्वानांना तें मत रुचलें नाहीं, आणि पुढच्याच वर्षीं फ्रॉइडांचाहि त्यावरील विश्वास उडाला.

मुलग्यांची कथा न्यायालयांत घडत होती. १८९९ सालीं शिकागो येथें बालन्यायालय निघालें. मुंबई इलाख्यांत १९२४ सालीं बालकांचा कायदा झाला. शिकागोच्या न्यायालयांत मुलगे येत ते बहुधा चोरीसाठीं, मुली येत त्या बहुधा 'अनीती'साठीं; अत्याचार जिच्यावर झाला तीच दोषी ठरे, असेंहि घडे. १९४४ सालीं लंडनचे जॉन बोल्बी यांनीं ४४ बालचोरांचा वृत्तांत प्रसिद्ध केला. त्यांतील कित्येकांना लहानपणीं आईचा दीर्घ वियोग घडला होता. चोरीमागेंहि दुःख असूं शकतें, हें तेथें दिसलें.

१९६६ सालीं अमेरिकेंतील आखेनबाख यांनीं मुलांच्या मनोविकारांचे दोन गट पाडले : आंत वळणारे, म्हणजे भीति व खिन्नता, आणि बाहेर पडणारे, म्हणजे मारामारी व आज्ञाभंग. पहिले मुलींत अधिक, दुसरे मुलग्यांत अधिक आढळले. मुलग्यानें रडूं नये, मुलीनें सोसावें, ही घरोघरची शिकवणहि या फरकाला हातभार लावते. परंतु हें सरासरीचें बोलणें झालें. खिन्न मुलगाहि असतो. त्याची खिन्नता पुष्कळदां रागाच्या पांघरुणाखालीं दडते. संतापी मुलगीहि असते. तिला उद्धट म्हणून सोडून दिलें जातें.

भारत सरकारनें १३ राज्यांतील १२,४४७ मुलांची पाहणी २००७ सालीं प्रसिद्ध केली. लैंगिक अत्याचार सांगणाऱ्यांत मुलगे निम्म्याहून किंचित् अधिकच होते. २०१२ च्या कायद्यानें अठरा वर्षांखालील मुलगा व मुलगी दोघांनाहि सारखेंच संरक्षण दिलें. कायद्यानें भेद मिटविला. घरानें मात्र तो अजून मिटवावयाचा आहे. उशींत तोंड खुपसणारी मुलगी आणि दार आपटून जाणारा मुलगा, दोघांशींहि शिक्षेपूर्वीं व औषधापूर्वीं शांतपणें बोलणें, हें घरचेंच काम आहे.