धावताना दुखापत का होते? अंतर किती वाढवायचं आणि कधी थांबायचं?

पोलीस भरतीची जाहिरात आली की अहिल्यानगर जिल्ह्यातल्या बेलापूरसारख्या प्रवराकाठच्या गावांत पहाटे धावणारे वाढतात. शिपाई पदासाठी पुरुषांना १६०० मीटर, तर महिलांना ८०० मीटर धावावं लागतं. वजन किंवा शुगर आटोक्यात ठेवण्यासाठी धावणारे चाळिशीतले लोकही याच रस्त्यांवर दिसतात. यातल्या अनेकांचा सराव नडगी, गुडघा किंवा टाच दुखायला लागल्यामुळे मध्येच थांबतो.

असं का होतं?

रोज धावलं की काही आठवड्यांतच दम कमी लागतो. हाडं आणि स्नायुबंध बळकट व्हायला मात्र काही महिने जातात. दम पुरतो म्हणून अंतर वाढवलं जातं, पण पाय तयार झालेले नसतात.

अंतर किती वाढवायचं?

'आठवड्याला १० टक्क्यांहून जास्त वाढवू नका' हा सल्ला सगळीकडे मिळतो. पण २००८ मध्ये नेदरलँड्समध्ये ५३२ नवख्या धावपटूंवर प्रयोग झाला, तेव्हा हा नियम पाळणाऱ्या आणि न पाळणाऱ्या दोन्ही गटांत साधारण पाचातल्या एकाला दुखापत झाली.

२०२५ मध्ये पाच हजारांहून जास्त धावपटूंच्या नोंदी तपासल्यावर वेगळी गोष्ट दिसली. मागच्या ३० दिवसांत एका वेळी जास्तीत जास्त जितकं धावलात, त्यापेक्षा १० टक्क्यांहून जास्तीचं अंतर एकाच दिवशी धावलं की धोका वाढतो. दुपटीहून जास्त धावलं तर धोकाही दुपटीहून अधिक होतो.

म्हणजे महिनाभरात सर्वांत जास्त ५ किलोमीटर धावला असाल, तर पुढच्या वेळी साडेपाचच्या आत थांबा. चाचणी जवळ आली म्हणून एकदम १० किलोमीटर धावू नका.

शरीर कसं सावरतं?

- सुरुवातीला एक दिवसाआड धावा. वेगाचा सराव लागोपाठ दोन दिवस करू नका.
- किमान सात तास झोप घ्या. उपाशीपोटी जास्त धावू नका, जेवणात डाळ, अंडी, दूध असू द्या.
- पायरीवर उभं राहून टाचा वर-खाली करणं आणि उठाबशा आठवड्यातून दोनदा करा.
- उन्हाळ्यात ऊन चढण्याआधी सराव संपवा.

कधी थांबायचं?

धावल्यावर दोन्ही मांड्या किंवा पोटऱ्या भरून येणं साधं आहे. ते दोन-तीन दिवसांत जातं. पण हाडावर बोट ठेवलं की एकाच जागी दुखणं, रात्री ठणकणं, लंगडणं किंवा सूज ही हाडाला बारीक तडा गेल्याची लक्षणं असू शकतात. अशा वेळी पेनकिलर घेऊन धावू नका, हाडांच्या डॉक्टरांना दाखवा. सुरुवातीच्या एक्स-रेमध्ये असा तडा अनेकदा दिसत नाही, त्यामुळे रिपोर्ट नॉर्मल आला तरी दुखत असेल तर पुन्हा जा.

धावताना छातीत दुखलं किंवा चक्कर आली, तर लगेच थांबून दवाखाना गाठा.

पुन्हा सुरुवात कशी करायची?

अर्धा तास भरभर चालून काही दुखलं नाही, तर एक मिनिट धावणं आणि दोन मिनिटं चालणं असं सुरू करा. दुसऱ्या दिवशी सकाळी दुखलं नाही, तरच पुढे वाढवा.