पाटीवरचा ‘अँग्लो’

सोलापुरातल्या दोन जुन्या संस्थांच्या नावांत एक शब्द सारखा आहे. एक नाव आमच्या समाजाच्या जिव्हाळ्याचे : एम. ए. पानगल अँग्लो उर्दू हायस्कूल. दुसरे दयानंद कॉलेजचे. त्याला जुनी माणसे अजून डी. ए. व्ही. म्हणतात आणि त्यातला ‘ए’ म्हणजेही अँग्लोच. दयानंद अँग्लो वेदिक. एकीकडे उर्दू, दुसरीकडे वेद आणि दोघांच्या गळ्यात ताईत मात्र एकच. आम्ही उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवतो. वर्गात एकदा विचारले, अँग्लो म्हणजे काय रे? एक मुलगा म्हणाला, जागा देणारा कुणी साहेब असेल. मुलाला हसून आपण मोकळे होतो, पण त्याच्या अब्बांना विचारले तरी फार वेगळे उत्तर मिळेल असे नाही. आपल्या आजोबा-पणजोबांनी हा शब्द पाटीवर का रंगवला, याची आठवणच समाजातून पुसली गेली आहे.

मुसलमानांनी इंग्रजीकडे पाठ फिरवली, म्हणून ते मागे पडले, असे सरसकट सांगितले जाते. व्यासपीठावरचे पाहुणे सांगतात, आपलेही लोक मान डोलावतात. मुंबई इलाख्याचा इतिहास इतका सरळ नाही. बद्रुद्दीन तय्यबजी, त्यांचे बंधू कमरुद्दीन आणि त्यांचे सहकारी यांनी १८७४ साली मुंबईत अंजुमन-ए-इस्लामची स्थापना केली. १८८० साली अंजुमनची शाळा सुरू झाली. १८८२ साली हंटर आयोग बसला तेव्हा मुस्लिम शिक्षणाचा प्रश्न त्याने स्वतंत्रपणे विचारात घेतला आणि दोन शिफारशी केल्या, त्या एकत्र वाचायला हव्यात. प्राथमिक आणि मधल्या वर्गांत मुस्लिम मुलांना, त्या त्या ठिकाणच्या समाजाची वेगळी इच्छा नसेल तर, हिंदुस्थानीतून शिकवावे ही एक. आणि मुसलमानांच्या उच्च इंग्रजी शिक्षणाला सढळ हाताने उत्तेजन द्यावे ही दुसरी. ‘अँग्लो उर्दू’ या जोडनावातला अर्थ तो हाच. पाया घरच्या भाषेचा घालायचा आणि त्यावर इंग्रजीचा मजला चढवायचा. एकीसाठी दुसरी सोडा, असे त्या पिढीने कुणालाच सांगितले नव्हते.

त्याच सुमारास अलीगढला सर सय्यद अहमदखानांच्या कॉलेजात वॉल्टर रॅले नावाचा तरुण इंग्रज इंग्रजी साहित्य शिकवीत होता. १८८५ ते १८८७ अशी दोन वर्षे तो तिथे होता. पुढे १९०४ साली ऑक्सफर्डमध्ये इंग्रजी साहित्याच्या अध्यासनावर पहिला प्राध्यापक म्हणून बसला तो हाच रॅले. म्हणजे ऑक्सफर्डच्या पोरांच्या आधी अलीगढच्या शेरवानीवाल्या पोरांनी त्याची व्याख्याने ऐकली. इंग्रजी साहित्य ही काही आपल्याला अगदी परवा कळलेली गोष्ट नव्हे.

पण अलीगढ दूर, मुंबईही दूर. सोलापूरच्या विणकराच्या, बागवानाच्या, गिरणी कामगाराच्या मुलाला १९४० पर्यंत गावात कॉलेजच नव्हते. मॅट्रिक झालेल्याने पुण्याची गाडी धरायची, नाही तर गिरणीचा भोंगा वाजला की फाटक गाठायचे. खास मुस्लिम मुलांना डोळ्यांपुढे ठेवून सर महंमद युसूफ यांनी १९१४ साली आठ लाख रुपये दिले. त्यातून जोगेश्वरीचे सरकारी इस्माईल युसूफ कॉलेज उघडायला १९३० साल उजाडले. दात्याने पैसा दिला आणि कॉलेज निघाले, यांत सोळा वर्षे गेली. त्या सोळा वर्षांत शिकून बाहेर पडू शकली असती अशी मुले कुठे गेली, याचा हिशेब कुणी ठेवला नाही.

पूर्वेला काही मैलांवर निजामाची हद्द लागायची. तुळजापूर, नळदुर्ग ही गावे त्या राज्यातली. त्या राज्याच्या राजधानीत १९१८ साली उस्मानिया विद्यापीठ सुरू झाले आणि तिथे सगळे विषय उर्दूतून शिकवले जात. तरीही इंग्रजी हा विषय सक्तीचा होता. म्हणजे जोडनाव तिथेही होतेच, फक्त शब्दांचा क्रम उलटा. आधी उर्दू, मग अँग्लो. ग्रंथ उर्दूत आणायला दार-उल-तर्जुमा नावाचे भाषांतराचे स्वतंत्र खाते उघडले होते. १९४८ नंतर हा प्रयोग गुंडाळला गेला. तो राजकारणाच्या वावटळीत सापडला हे खरे, पण भाषांतर हे शिक्षणाचे काम आहे, ही त्याची जाण त्याबरोबर गेली, याचे आम्हाला अधिक वाईट वाटते.

१९४० साली दयानंद कॉलेज निघाले, १९५३ साली संगमेश्वर. पुढे सोलापूर सोशल असोसिएशनने कला आणि वाणिज्य महाविद्यालय काढले. त्याला सगळे गाव सोशल कॉलेज म्हणते आणि आम्ही ‘अपना कॉलेज’ म्हणतो. गावात कॉलेज असणे म्हणजे काय, हे पाहायचे तर सुशीलकुमार शिंद्यांकडे पाहावे. कोर्टात शिपायाची नोकरी करणारा मुलगा दयानंदमधून बी. ए. ऑनर्स झाला आणि पुढे राज्याचा मुख्यमंत्री. विद्यापीठे मात्र बदलत राहिली. दयानंदच्या त्याच बाकांवर बसून सोलापूरकरांनी आधी मुंबईची, १९४९ पासून पुण्याची, १९६२ पासून कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाची आणि २००४ पासून सोलापूर विद्यापीठाची परीक्षा दिली. या विद्यापीठाला २०१९ मध्ये पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकरांचे नाव मिळाले.

कॉलेज दारात आले आणि नेमक्या त्याच वेळी इंग्रजीची शिडी आखूड झाली. स्वातंत्र्यानंतर बाळासाहेब खेरांच्या मंत्रिमंडळाने पाचवी ते सातवीतले इंग्रजी काढले, ते आठवीपासून सुरू केले. हेतू चांगला होता. मुलांवरचा बोजा कमी व्हावा, मातृभाषा पक्की व्हावी. पण ज्यांच्या घरी इंग्रजी वर्तमानपत्र येत होते त्यांची मुले घरी शिकली, शिकवण्या लावून शिकली. ज्यांच्या घरी माग होता त्यांची मुले आठवीत ए, बी, सी, डी गिरवू लागली आणि चार वर्षांनी कॉलेजात इंग्रजी व्याख्यानापुढे बसली. पुढे पाचवीपासून इंग्रजी परत आले. आम्हीही पाचवीतच पहिले इंग्रजी अक्षर काढले. २००० सालच्या जूनपासून, रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना, ते पहिलीपासून सुरू झाले तेव्हा आमची पिढी थोडक्यात हुकली.

तर अशी मुले एफ. वाय.ला येतात. घरात दखनी, शाळेत उर्दू, गल्लीत मराठी, शेजारच्या पद्मशाली कुटुंबात तेलुगू, बाजारात कन्नड. पाच भाषांत व्यवहार करणारे पोर सहाव्या भाषेपुढे गप्प होते. सक्तीचे इंग्रजी पस्तीस मार्कांपुरते पाठ करायचे, गाईडमधला निबंध उतरवायचा, कवितेचे ‘रसग्रहण’ घोकायचे. इंग्रजी हा खास विषय घेऊन बी. ए. करण्याचा विचार मनात आला तरी तो अर्जावर येत नाही. आमच्या मनात आला होता. प्रवेशाच्या टेबलावरच्या गृहस्थांनी अर्ज वाचला, माध्यमाच्या रकान्यावर बोट ठेवले आणि सल्ला दिला, ‘उर्दू मीडियम आहे ना, मग हिस्ट्री घ्या, पास तरी व्हाल.’ तो सल्ला काळजीपोटी दिलेला होता, त्यात द्वेष नव्हता. म्हणून तर तो अधिक लागला. बी. एड.ला गेलो तर तिथे शिकवले, इंग्रजीच्या तासाला मुलांच्या भाषेचा शब्द तोंडातून निघता कामा नये. म्हणजे पायाच काढून घ्या आणि मजला चढवा.

आता गंमत पाहा. उर्दू शाळांतून रोज सकाळी परिपाठाला मुले हात जोडून इक्बालची ‘बच्चे की दुआ’ म्हणतात. ‘बांग-ए-दरा’ हा संग्रह १९२४ साली आला. त्यात या कवितेच्या माथ्यावर एक शब्द छापला आहे : माखूज. म्हणजे दुसरीकडून घेतलेली. ‘एक मकडा और मक्खी’ हीसुद्धा माखूज. तिचे मूळ मेरी हॉविट या इंग्रज बाईंच्या कवितेत. डोंगर आणि खारीची कविता अमेरिकेच्या इमर्सनकडून आली, ‘हमदर्दी’ विल्यम कूपरकडून. आपली मुले पहिली-दुसरीपासून इंग्रजी कविता म्हणतात, फक्त त्यांना ते कुणी सांगत नाही. हैदराबादच्या नज्म तबातबाईंनी थॉमस ग्रेची कबरस्तानावरची प्रसिद्ध विलापिका ‘गोर-ए-गरीबां’ या नावाने उर्दूत आणली. ती वाचल्यावर उर्दूच्या वाचकाला आपण परक्याच्या कबरस्तानात आलो असे वाटत नाही. शेक्सपिअरचा किंग लिअर आगा हश्र काश्मिरींच्या ‘सफेद खून’मध्ये आहे. हॅम्लेट सोहराब मोदींच्या १९३५ सालच्या ‘खून का खून’ या बोलपटात आहे. मराठीत तर आगरकरांनी १८८३ सालीच ‘विकारविलसित’ करून ठेवले. मराठी बोलणारे उर्दू शाळेतले पोर हॅम्लेटकडे दोन दारांनी जाऊ शकते. इंग्रजी माध्यमाच्या मुलाला एकच दार.

उलटी वाटही चालून झालेली आहे. अहमद अली हे उर्दूचे कथाकार. १९३२ साली निघालेल्या आणि पुढे जप्त झालेल्या ‘अंगारे’ या संग्रहातले एक लेखक. त्यांनी १९४० साली दिल्लीवरची कादंबरी इंग्रजीत लिहिली आणि ती लंडनच्या होगार्थ प्रेसने काढली. दिल्लीच्या गल्ल्यांतली उर्दू त्यांनी इंग्रजीत नेली. सोलापूरची दखनी अजून कुणी नेलेली आम्ही वाचली नाही.

मराठी साहित्याकडे पाहिले तर हा मुद्दा अधिक टोचतो. विंदा करंदीकर इंग्रजीचे प्राध्यापक. त्यांनी ‘राजा लिअर’ मराठीत आणला. भालचंद्र नेमाडे इंग्रजीचे प्राध्यापक. त्याहून जवळचा दाखला औरंगाबादचा, आजच्या छत्रपती संभाजीनगरचा. बाबासाहेबांनी १९५० साली तिथे काढलेल्या मिलिंद महाविद्यालयात म. ना. वानखेडे प्राचार्य होते. ते इंग्रजीचे अभ्यासक, अमेरिकेत शिकून आलेले. निग्रो साहित्याशी, म्हणजे आजच्या शब्दांत कृष्णवर्णीयांच्या साहित्याशी, दलित लेखकांचा परिचय घडवण्यात त्यांचा मोठा वाटा. आधी ‘अस्मिता’ आणि मग ‘अस्मितादर्श’ हे नियतकालिक गंगाधर पानतावण्यांनी याच वातावरणात चालवले. इंग्रजी त्यांना नोकरीसाठी लागत होतीच, पण तिच्या खिडकीतून त्यांना आपल्यासारखीच दुखावलेली दुसरी माणसे दिसली, आणि मग त्यांनी लिहिले ते मराठीत. १९९० साली पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन याच सोलापुरात भरले. आपल्या चळवळीला राज्यशास्त्राचे फकरुद्दीन बेन्नूर सर मिळाले, मराठीचे यू. म. पठाण सर मिळाले. इंग्रजीच्या विभागातून आलेली माणसे मात्र बोटांवर मोजावी लागतात. दक्षिण आफ्रिकेतल्या, ब्रिटनमधल्या, अमेरिकेतल्या मुसलमान लेखकांचे आपल्याशी नाते काय, हे सांगणारा वानखेडे आपल्याला मिळाला नाही. अर्जावर माध्यमाच्या रकान्यात बोट ठेवणाऱ्या टेबलांचाही त्यात हातभार असावा, असे आम्हाला वाटते.

आज पालकांनी यावर आपला तोडगा काढला आहे. ऐपत असो-नसो, पोराला इंग्रजी माध्यमात घालायचे. विड्या वळून फी भरणाऱ्या माता आम्ही पाहतो, त्यांना दोष देणार कोण? पण त्या घरांत आता आजीचे पत्र नातवाला वाचता येत नाही आणि नातवाची वही आजीला. अँग्लो राहिला, उर्दू गेली. पाटीवरच्या दोन शब्दांतला एक खोडला, तर उरलेलाही धड उभा राहत नाही, हे वर्गात रोज दिसते. इंग्रजी माध्यमातून गळालेली मुले सातवी-आठवीत आमच्याकडे येतात. त्यांना तिन्हींपैकी एकाही भाषेत चार ओळींचा अर्ज लिहिता येत नाही.

म्हणून बी. एड.चा तो नियम आम्ही बाजूला ठेवला आहे. नववीच्या मुलींपुढे इक्बालची माशी आणि हॉविटबाईंची माशी शेजारी-शेजारी ठेवतो आणि तिसरी माशी त्यांनी स्वतः, मराठीत किंवा दखनीत, लिहायची. मग पुन्हा तिची गोष्ट चार इंग्रजी वाक्यांत. हॉविटबाईंचा कोळी माशीला बोलावतो तो आपल्या ‘पार्लर’मध्ये. इथे वर्ग अडला. शब्दकोशात बैठकीची खोली. एकीने मराठीत ‘दिवाणखाना’ लिहिले, दुसरीने ते खोडले. तिचे म्हणणे, आमच्या गल्लीत दिवाणखाना कुणाकडेच नाही, माशी कशाला फसेल? बराच वाद झाला. शेवटी मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, ‘सर, पार्लर म्हणजे ब्यूटी पार्लरच असू दे ना. तो तिच्या डोळ्यांची, पंखांची तारीफ करतो, म्हणून तर ती आत जाते.’ वर्गाने तेच कायम केले, आणि फळ्यावर कोळ्याच्या दुकानाची पाटीही रंगवली. तिच्यावर नाव तीन लिप्यांत होते.