दादरच्या स्वयंपाकघरातली फिल्म



बचत गटाच्या नोंदवहीत ‘व्यवसाय’ असा एक रकाना असतो. नवीन बाई आली की मी विचारते, “ताई, तुम्ही काय करता?” उत्तर ठरलेलं असतं : “काही नाही, घरीच असते.” तेव्हा मला हमखास सरस्वतीबाई फाळके आठवतात.

दादासाहेब फाळके १९१२ साली लंडनला गेले, तिथून कॅमेरा आणि फिल्मला भोकं पाडायचं यंत्र त्यांनी मिळवलं. सिनेमासाठी पैसा कमी पडला तेव्हा सरस्वतीबाईंनी अंगावरचे दागिने काढून दिले. ही गोष्ट आपण ऐकलेली असते. त्यांचे हात पुढे कुठे राबले, ते मात्र कमी सांगितलं जातं.

तेव्हा कच्ची फिल्म कडेला भोकं न पाडता यायची. भोकांशिवाय ती कॅमेऱ्यात सरकत नाही आणि उजेड लागला तर वाया जाते. म्हणून दादरच्या घरी रात्री अंधारात बसून बाई भोकं पाडायच्या. दिवसा सगळ्या मंडळींचा स्वयंपाक. शूटिंग चालू असताना उन्हाचा उजेड फिरवायला पांढरी चादर धरून उभं राहायचं. आणि फिल्म धुण्याची रसायनं कालवायची, तीही त्यांनीच. हे धुण्याचं काम घरच्या स्वयंपाकघरातच चालायचं.

फिल्म धुणं म्हणजे काय? फिल्मवर चांदीच्या क्षारांचा थर असतो. उजेड लागलेले क्षार डेव्हलपरमध्ये काळी चांदी होतात आणि चित्र उमटतं. उरलेले क्षार हायपो विरघळवून टाकतो. मग भरपूर पाण्यात धुवायचं, नाहीतर चित्र पुढे डागाळतं. हे विरजणासारखंच आहे. पाणी गरम असलं की काम भराभर होतं, थंड असलं की रेंगाळतं. माप आणि वेळ चुकली की सगळंच बिघडतं. त्या काळची फिल्म पटकन पेट घेणारीही होती. चूल आणि फिल्म एका घरात सांभाळायची, म्हणजे किती डोळ्यांत तेल घालून!

३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन थिएटरात ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांसाठी लागला. पडद्यावर तारामतीसुद्धा पुरुषच होता, साळुंके नावाचा. बाई पडद्यावर नव्हती, पण पडद्यावरचा फूट न् फूट एका बाईच्या श्रमातून आलेला होता.

१९९५ साली अमेरिकेत रॉचेस्टरच्या तंत्रज्ञान संस्थेतल्या एका वर्गाने इन्स्टंट कॉफी आणि धुण्याचा सोडा वापरून डेव्हलपर बनवला. हौशी लोक आजही घरी तसा करतात. म्हणजे स्वयंपाकघर आणि प्रयोगशाळा यांत अंतर फार नाही. फरक आहे तो नोंद होण्या-न होण्याचा.

म्हणून मैत्रिणींनो, पुढच्या बैठकीत तो रकाना भरताना ‘काही नाही’ लिहू नका. शिवण, शेळ्या, पापड, शेतातली खुरपणी, जे करता ते लिहा. न लिहिलेल्या कामाचा मोबदला कुणी मागत नाही आणि कुणी देतही नाही.