मेंदूतील रक्तस्राव : आधी सीटी स्कॅन की एमआरआय?

तोंड वाकडे होणे, एका बाजूच्या हातापायातील शक्ती जाणे, बोलणे अडखळणे ही पक्षाघाताची लक्षणे होत. मेंदूच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकल्याने पक्षाघात होतो, तसाच रक्तवाहिनी फुटून रक्तस्राव झाल्यानेही होतो. केवळ लक्षणांवरून हा फरक खात्रीने ओळखता येत नाही. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साधारणतः साडेचार तासांच्या आत द्यावे लागते. मात्र तेच इंजेक्शन रक्तस्रावाच्या रुग्णाच्या जिवावर बेतू शकते. त्यामुळे उपचारापूर्वी मेंदूचे चित्र पाहणे अनिवार्य ठरते.

तातडीच्या वेळी सीटी स्कॅन

एमआरआय महाग, म्हणून तो अधिक चांगला, असा अनेक नातेवाइकांचा समज असतो. तातडीच्या प्रसंगी मात्र बहुधा सीटी स्कॅनच प्रथम केला जातो. क्ष-किरणांवर आधारित ही तपासणी काही मिनिटांत होते आणि तिच्यात ताजे रक्त पांढरे दिसते. रक्तस्राव शोधण्यासाठी शिरेतून रंगद्रव्य देण्याची गरज नसते. लंडनमध्ये १९७१ साली रुग्णाच्या मेंदूचा पहिला सीटी स्कॅन झाला. त्याचे जनक गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांना १९७९ मध्ये अ‍ॅलन कॉर्मॅक यांच्यासह नोबेल पारितोषिक मिळाले.

एमआरआय केव्हा?

एमआरआयला बराच वेळ लागतो व रुग्णाला निश्चल पडून राहावे लागते. शक्तिशाली चुंबकामुळे शरीरातील पेसमेकर वा धातूच्या वस्तूंची आधी खातरजमा करावी लागते. मात्र जुना रक्तस्राव, अतिसूक्ष्म रक्तस्राव किंवा त्यामागील गाठ शोधण्यात एमआरआय सरस ठरतो. त्यात क्ष-किरणांचा वापरही नसतो.

अहवाल ‘नॉर्मल’ आला तरी

अचानक उद्भवलेल्या असह्य डोकेदुखीमागे मेंदूच्या आवरणाखालील रक्तस्राव असू शकतो. पहिल्या सहा तासांत केलेल्या सीटी स्कॅनमध्ये तो क्वचितच निसटतो. पुढे रक्त पातळ होत जाते. अशा वेळी डॉक्टर पाठीच्या मणक्यांमधून पाणी काढून तपासतात किंवा रक्तवाहिन्यांची सीटी अँजिओग्राफी करतात. डोक्याला मार लागल्यानंतर साचलेले रक्तही दोन-तीन आठवड्यांनी सीटी स्कॅनमध्ये मेंदूच्याच रंगाचे दिसू लागते.

रुग्ण रक्त पातळ करणारी औषधे घेत असल्यास ते प्रथम सांगावे. त्रास नेमका किती वाजता सुरू झाला, हेही नातेवाइकांनी डॉक्टरांना आवर्जून सांगावे. तपासणीची निवड बऱ्याच अंशी त्यावरच अवलंबून असते.